अर्धा कप चहा आणि डबल बास

हमीदभाईंनी मला फसवलं. माझ्याच घरात, माझ्याच पंख्याखाली, माझाच चहा पिऊन फसवलं.

मी बबन. बारामतीत लग्नाचा बँड चालवतो. वरातीत डोक्यावर गॅसबत्ती धरून चालण्यापासून मी सुरुवात केली, आणि आज माझी स्वतःची बँडगाडी आहे. सुपारी ठरवायला बसलो की समोरच्याला घाम फुटतो असं लोक म्हणतात. खोटं नाही. माझा आवाज चढतो हेही खोटं नाही. अशा माणसाला इंदापूरच्या एका म्हाताऱ्यानं, आवाज न चढवता, हसत हसत गुंडाळलं. कसं, ते सांगतो. पण त्यासाठी आधी तो म्हातारा सांगावा लागेल.

ते पहिल्यांदा आले ते ऊस खाली करून परतणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून. शेजारी गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी आडवं, माणसाहून मोठं. मी पोरांना हाक मारणार तोवर त्यांनी एकट्यानंच ते मिठी मारून खाली घेतलं, जसं झोपलेलं लेकरू गाडीतून घेतात. गोधडी सोडली. आत लाकडाचं एक प्रचंड व्हायोलिन. पोट सुटलेलं, मान लांब, चार जाड तारा, खाली एक लोखंडी पाय.

"हे काय?"

"डबल बास."

"वाजतं का?"

"वाजवलं की वाजतं."

"वरातीत ह्याला घेऊन चालणार कसं?"

"वरातीत न्हाय, शेठ. पंगतीला. माणूस जेवताना जरा गप असतो. तवा ह्याचं काम."

त्यांनी अंगणात उभं राहून तारांवर गज फिरवला. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. "ऐकूच येत न्हाय," म्हणालो.

"कानाला न्हाय यायचं. चप्पल काढा आन् पायाला विचारा."

मी चप्पल काढली. पायाला काय कळलं ते मी त्यांना सांगितलं नाही. सौद्यात आवडलेलं तोंडावर दिसू द्यायचं नसतं. "बघू," एवढंच म्हणालो आणि दुसऱ्या दिवसापासून ते माझ्या बँडमध्ये होते.

ते कुठं शिकले, कुणाकडं शिकले, हे मी लिहिणार नाही, कारण त्यांनी दर वेळी वेगळं सांगितलं. एक गोष्ट मात्र कधी बदलली नाही. एका फिरत्या सर्कशीच्या बँडमध्ये ते होते. सर्कस मोडली तेव्हा कुणी तंबूचं कापड घेतलं, कुणी घोडा घेतला, आणि हमीदभाईंनी हा बास घेतला. "घोडा खातो," ते म्हणायचे. "ह्याला नुसती सावली लागती."

अंगानं सडपातळ, दाढी पांढरी आणि नीट कापलेली, बाहीची बटणं कायम लावलेली. चालताना डावा खांदा किंचित पुढं आणि डावा हात थोडा वाकवलेला, जणू बासची मान तिथंच टेकलेली आहे. नुसते बाजारात निघाले तरी तसेच चालायचे. कुणी घाई केली की म्हणायचे, "जाड तार उशिरा बोलती. आपुन थांबायचं." मी एखाद्या यजमानावर ओरडत असलो की शांतपणे सगळ्यात जाड तार एकदा छेडायचे. घुम्म. माझं वाक्य तिथंच तुटायचं. याचाही मला राग यायचा.

त्यांची एक पद्धत होती. नव्या गावात वाजवण्याआधी ते बासची ओळख करून द्यायचे. मी म्हणायचो, लोक जेवायला बसलेत, त्यांना वरण वाढा, भाषण नको. ते ऐकायचे नाहीत.

"मंडळी, हा डबल बास. सारंगी, व्हायोलिन ह्यांच्या भावकीतला सगळ्यात थोरला. ह्याला नावं लई. गोरे लोक ह्याला बैल म्हणत्यात, कारण हंबरतो. कुणी कुत्र्याचं घर म्हणतंय, कारण आत एक कुत्रं आरामात मावंल. कुणी नुसतं 'उभा' म्हणतंय. ती झाली परक्यांची नावं. आता तुमच्या गावात ह्याला काय म्हणायचं ते तुमी सांगा. नाव ठेवल्याबिगर माणसं कुणाला जवळ करत न्हाईत."

मग पंगतीतून नाव यायचं. वडगाव निंबाळकरला दुधाचा धंदा मोठा, तिथं एक आजोबा घास हातात धरून ओरडले, "गाभण म्हैस!" कऱ्हाटीला बायकांनी 'कणगी' म्हटलं, आणि यात किती पायली ज्वारी बसेल यावर वाद घातला. नरसिंहपूरला दोन नद्या मिळतात; तिथला एक होडीवाला उठून जवळ आला, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "होडीच हाय. कुणीतरी उभी करून ठेवली." आलेलं नाव हमीदभाई मान झुकवून घ्यायचे, आणि बासकडून एक घुम्म काढून कबूल करायचे. मग त्या गावात पुन्हा गेलं की तेच नाव. त्यांच्या ते सगळं ध्यानात असायचं. त्यांच्या मोहल्ल्यात बासला 'हमीदची दुसरी' म्हणत. त्यांची बायको होती तोवर ती म्हणे, "दुसरी मी. पहिली ही."

मी बासला 'खोकं' म्हणायचो. समोर म्हणायचो. ते त्यालाही मान झुकवायचे.

एका लग्नात तर या खोक्यानं माझी अब्रू काढली होती. मांडवात जागा कमी म्हणून पोरांनी बास चादर घालून रुखवताच्या टेबलाशेजारी उभा केला. मी वाढप्यांशी भांडत होतो, माझं लक्ष नव्हतं. नवऱ्या मुलाचा मामा आला, चादरीखालचा उंच आकार बघितला, आणि त्याचा चेहराच उजळला. त्याला वाटलं, मुलीकडच्यांनी फ्रीज दिला. त्यानं घरच्या बायकांना बोलावून चादरीवर हळदीकुंकू वाहिलं, वर एक नारळ ठेवला. मुलीच्या बापाला घाम फुटला, कारण फ्रीज काही ठरलेला नव्हता. एवढ्यात वाजवायची वेळ झाली. हमीदभाई गेले, नारळ उतरवून मामाच्या हातात दिला आणि चादर काढली.

मामा म्हणाला, "ह्यो काय परकार?"

"आत गार काय न्हाय, मामा," हमीदभाई म्हणाले. "पण बसा, जेवा. तुमाला गार वाटंल."

मांडवात हशा पिकला. मामाही शेवटी हसला, आणि त्या गावात बासचं नाव 'फ्रीज' पडलं. मुलीच्या बापानं निघताना हमीदभाईंचे हात हातात घेतले आणि सोडेचना. माझे कुणी घेतले नाहीत. वाढप्यांशी भांडून घसा मी कोरडा केला होता.

आणि ते गजाचे केस. गजाला घोड्याच्या शेपटीचे केस लागतात. मी म्हटलं, सोपं आहे, आपल्याकडं नवरदेवाची पांढरी घोडी येतेच. घोडीवाल्याशी मी अशी घासाघीस केली की पुढच्या वरातीच्या सुपारीत शेपटीचे केस त्यानं वर द्यायचे. त्यानं दिले. वरातीच्या दिवशी घोडी आली ती शेपटीच्या जागी दोरी लोंबावी तशी. नवरदेवाची बहीण म्हणाली, "शेठ, नवरा तरुण हाय, घोडी म्हातारी का आणली?" तेही सोसलं. केस हमीदभाईंपुढं ठेवले. त्यांनी हुंगले आणि बाजूला सारले.

"घोडीचं न्हाय चालत, शेठ. घोड्याचं पायजेत."

"केस ते केस!"

"घोडी लघवीला बसली की शेपूट भिजती. त्या केसाला राळ धरत न्हाय, आन् राळेबिगर तार बोलत न्हाय. घोड्याचं कोरडं ऱ्हातंय."

"मग आधी का न्हाय सांगितलं?"

"तुमी विचारलं कुठं? तुमी सौदा करून आला."

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

मधल्या काळात डीजे आले. भिंतीएवढे स्पीकर, काचा थरथरणार, म्हातारी माणसं कानात कापूस घालणार. कितीतरी बँड बंद पडले. माझा टिकला तो पंगतीमुळं. वरातीत डीजे लावणारे लोकसुद्धा जेवणाच्या वेळी म्हणू लागले, "बबनशेठ, त्यो म्हशीवाला म्हातारा पाठवा." एक क्लॅरिनेट, एक व्हायोलिन, एक ढोलकी आणि मागं हमीदभाई. आता लोक पंगतीऐवजी उभ्यानं ताटं घेऊन जेवतात, तरी आम्ही पंगतच म्हणतो. त्या चौघांपैकी तिघांना पर्याय मिळतो. बासला मिळत नाही. म्हणजे हमीदभाई थांबले की माझा बँड थांबला, हे मला कळत होतं आणि रात्रंदिवस टोचत होतं.

आता फसवणूक.

एका उन्हाळ्यात ते म्हणाले, "शेठ, माझ्या घरावर पत्रा हाय. लाकूड तापतंय, सांधे उकलायला लागले. बास कुठं गार जागी ठेवावा लागंल. बघतो, कुणी दुसरा बँडवाला ठेवून घेतो का."

दुसरा बँडवाला! मी ताडकन म्हणालो, "माझ्या घरी ठेवा. स्लॅब हाय, पंखा हाय."

"नको. तुमाला तरास."

"तरास काय? पण माझी अट हाय. रियाज रोज दुपारी माझ्याच घरी येऊन करायचा. मी घरी असो-नसो." म्हणजे ते दुसरीकडं वाजवत नाहीत याची मला खात्री.

त्यांनी दाढी खाजवली. बराच वेळ खाजवली. "लांब पडतं. चहा तरी मिळंल का?"

"अर्धा कप."

"बरं. तुमी एवढं म्हणताय तर."

त्या दिवशी मी घरी जाऊन बायकोला, सुमनला, म्हणालो, म्हाताऱ्याला कसा बांधला बघ. तिनं अर्धा कप का, एवढंच विचारलं.

नंतर त्यांची बोटं आखडायला लागली. सकाळी मूठ मिटेना. मी म्हटलं, "हमीदभाई, तुमच्यामागं वाजवणारा तुमीच तयार करून द्यायचा."

"देतो. पण कोण, ते मी ठरवणार."

"माझ्या तीन अटी. माणूस बारामतीचा पायजे. दुसऱ्या बँडला जाता कामा नये. आन् माझ्या शब्दाबाहेर नको."

"पहिल्या दोन कबूल," ते म्हणाले आणि हसले. "तिसरी माझ्या हातात न्हाय, शेठ."

मी पोरं आणत राहिलो. कऱ्हाटीचा एक पैलवान आणला. हमीदभाई म्हणाले, "हा तारंशी कुस्ती खेळतो." एक शिकलेला आणला. "हा वाजवताना लोकांकडं बघतो." मी चिडलो. "मग कसा पायजे तरी कसा?"

"तव्यावरची भाकरी उलटायची येळ झाली का न्हाय, हे न बघता ज्याला कळतं, असा."

"असा पुरुष बारामतीत शोधून मिळायचा न्हाय!"

"तेच म्हणतो मी," ते म्हणाले, आणि चहा प्यायले.

मी चतुर माणूस. समोरच्याच्या पापणीवरून त्याची शेवटची बोली ओळखतो. पण माझ्या घरात काय काय दिसत होतं ते ऐका. पुढच्या खोलीच्या नव्या फरशीला बासच्या लोखंडी पायानं खळगा पाडला. मी बोंब मारली, तेव्हापासून त्या पायाखाली नारळाची करवंटी आली. काही महिन्यांनी बघतो तर दुसरा खळगा, स्वयंपाकघराच्या दारापासून जवळ. मला वाटलं, म्हातारा करवंटी विसरून पंख्याखाली सरकला असेल. सुमनच्या डाव्या हाताच्या बोटांना कायम चिकटपट्ट्या.

"काय झालं?"

"विळी लागली."

"रोज?"

"विळीला विचारा."

शेजारचे जगन्नाथराव, निवृत्त तलाठी, एकदा गेटवर म्हणाले, "बबनराव, काल दुपारी हमीदभाईंनी फार गोड वाजवलं हो." मी त्यांना झापलं. काल हमीदभाई ताप येऊन इंदापूरला पडून होते. मी स्वतः फळं देऊन आलो होतो. म्हटलं, राव, दुपारी झोपता आणि स्वप्नं बघता. जगन्नाथराव "असंल, असंल" म्हणून आत गेले. त्यांनाही ठाऊक होतं. माझ्या क्लॅरिनेटवाल्या बाळूला ठाऊक होतं. पेपरवाल्याला ठाऊक होतं.

मग इंदापूरचं ते लग्न आलं. सुमनच्या मावसबहिणीच्या मुलीचं. सुमन पाहुणी म्हणून, मी बँडवाला म्हणून. वरातीला डीजे होता, पण मुलीच्या बापानं मला बजावून सांगितलं होतं, जेवणाला बास पाहिजेच, तोच ऐकवायला मी पाव्हण्यांना बोलावलंय. मी सकाळपासून हमीदभाईंची बोटं बघत होतो. ती कपाचा कानसुद्धा धरत नव्हती. "होईल ना?" मी चारदा विचारलं. "होणार," ते म्हणाले.

ताटं वाढली गेली. ते उभे राहिले, ओळख करून दिली. बैल, कुत्र्याचं घर, उभा. "आन् हे माझं गाव. हितं ह्याला हमीदची दुसरी म्हणत्यात. पण दुसरी आज सासरी चालली. तवा नवं नाव लागंल." मग त्यांनी गज खाली ठेवला आणि बायकांच्या बाजूला बघून म्हणाले, "सुमन, ये पोरी."

मला वाटलं, पाणी मागवलं. सुमन उठली. हातातलं ताट बहिणीकडं दिलं, पदर कमरेला खोचला आणि चालत आली. माझ्याकडं बघितलंही नाही. वाकून तिनं बासचा लोखंडी पाय चार बोटं आत ढकलला, करवंटी नीट केली, मान खांद्याला घेतली. हिरव्या बांगड्या मागं सारल्या. बाळूनं तिच्याकडं बघून मान हलवली, सवयीनं, रोजच्या माणसाला हलवतात तशी. आणि तिनं गज लावला.

मी मांडवाच्या दाराशी उभा होतो. यमनातली एक साधी धून. क्लॅरिनेट वर, आणि खाली ती. माझ्या डोक्यात इतका राग होता की कान बंद पडले होते. पण मांडवात जाजम अंथरलेलं, चप्पल बाहेर काढलेली, आणि पायांना कोण बंद करणार?

चमचे थांबले. पहिल्यांदा कुणीतरी पुरुष ओरडला, "बबनशेठ, घरच्या मालकिणीलाच ठेवलंय व्हय बँडात?" मी तोंड उघडणार तेवढ्यात एक म्हातारी पंगतीतून म्हणाली, "गप ए. ऐकू दे. बाई हाय ती, आन् ते तिचं मोठं लेकरू हाय."

हमीदभाईंनी मान झुकवली. सुमननं जाड तार छेडली. घुम्म. नाव कबूल झालं: मोठं लेकरू.

घरी आल्यावर मी विचारलं, "कधीपासून?"

"तुमी अर्धा कप सांगितल्यापासून," ती म्हणाली. "एवढा म्हातारा माणूस लांबून आला, अर्धा कप घेऊन जायची मला लाज वाटली. पूर्ण कप नेला. ते म्हणाले, एवढा चहा एकट्यानं जात न्हाय, बस जरा. मी बसले."

"आन् मला सांगायचं कुणी?"

"तुमी हो म्हणाला असता?"

मी त्या दिवशी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी जेवलो, कारण सुपारी होती आणि बास वाजवणारीनं जेवल्याशिवाय गाडीत बसायचं नाही असं सांगितलं होतं.

आता सगळं नीट चाललंय, हे मला मान्य आहे. बँड चालतो. तारखा शिल्लक राहत नाहीत. कुठल्या गावाला जायचं ते सुमन ठरवते. जिथं वाजवणाऱ्यांना शेवटी, उरलंसुरलं वाढतात, तिथं ती पाय ठेवत नाही, आणि तिथं माझी घासाघीस चालत नाही. तिसरी अट कुणाच्याच हातात नव्हती, हे म्हातारा तेव्हाच म्हणाला होता. ओळखही आता तीच करून देते, आणि शेवटी हमीदभाईंचं नाव घेते. माझं घेत नाही.

हमीदभाई इंदापूरला असतात. सकाळी मोहल्ल्यातल्या पोरांना मोकळ्या डब्यावर ताल शिकवतात, असं ऐकतो. मी जाब विचारायला जातो तेव्हा कधी नमाजाला गेलेले असतात, कधी लेकीकडं. फोन उचलतात, माझा आवाज ऐकतात, "शेठ, रेंज न्हाय" म्हणतात आणि ठेवतात.

मागच्या आठवड्यात मात्र दिसले. मी बँडगाडीत होतो, बाजूला सुमन, मागं बास. इंदापूरच्या स्टँडपाशी ते हातात मेथीची जुडी घेऊन रस्ता ओलांडत होते. डावा खांदा पुढं, डावा हात वाकवलेला, मान टेकायला जागा ठेवलेली. सुमननं काचेतून हात केला. त्यांनी बघितलं. आधी तिच्याकडं, मग मागं गोधडीतल्या बासकडं, आणि सगळ्यात शेवटी माझ्याकडं. जुडी कपाळाला लावून सलाम केला. मी गाडी थांबवून खाली उतरलो, ओरडलो, "हमीदभाई, थांबा!" एवढा ओरडलो की रिक्षावाले वळले. ते थांबले नाहीत. गल्लीत शिरताना तेवढा एक हात वर केला, जाड तार छेडावी तसा, आणि माझं पुढचं वाक्य तिथंच तुटलं.

म्हणून हे लिहून विचारतो आहे. इंदापुरात ज्याच्या हाती हे पडेल त्यानं त्यांना वाचून दाखवावं.

हमीदभाई, तुम्ही मला एकदाही विचारलं नाही. तुम्हीच म्हणाला होता, विचारलं कुठं, सौदा करून आला. मग तुम्ही काय केलंत? माझ्याशी सौदा केलात आणि माझ्या बायकोला विचारलंत. मी नाही म्हणालो असतो, हे कुणी ठरवलं? ओरडलो असतो, हे खरं. चार दिवस घासाघीस केली असती, हेही खरं. पण पाचव्या दिवशी मी काय म्हणालो असतो, ते ऐकायला तुम्ही थांबलात का? जाड तारेसाठी थांबायचे, माझ्यासाठी का नाही थांबलात?

याचा जाब मला पाहिजे. समोरासमोर पाहिजे. येत्या शुक्रवारी, नमाजानंतर, मी स्टँडसमोरच्या हॉटेलात बसतो. चहा सांगून ठेवतो. दोन. पूर्ण कप. या आणि उत्तर द्या.